पट्ट्याआधी डोंगर पाहणाऱ्या शकुंतलाकाकू

आयर्लंडमध्ये मला काम कुणी दिलं असं विचारलं, तर कागदावर नाव डेक्लनचं निघेल. पण त्या कामावर मी टिकलो तो शकुंतलाकाकूंमुळे. हे नाव आधीच लिहून ठेवतो. पुढे यंत्र, बर्फ, मेंढ्या असं बरंच काही येणार आहे आणि त्या गडबडीत काकू मागे पडायला नकोत. तशी त्यांना मागे पडायची सवय नव्हती म्हणा.

त्यांची माझी पहिली भेट माझ्या बुटामुळे झाली. मेनूथ गावातले आम्ही मराठी लोक गणपतीत एक हॉल घेतो. त्या दिवशी आरती झाली, जेवणं झाली आणि मी निघायचं म्हणून दाराशी आलो. बघतो तर चपलांच्या ढिगाशेजारी खुर्ची टाकून एक साठी ओलांडलेल्या बाई बसलेल्या, माझा उजवा बूट मांडीवर उलटा धरून त्याच्या तळव्यात अंगठ्याचं नख रोवून बघत होत्या.

"हा कोनाचा होय?"

"माझा," मी म्हणालो.

"रबर मेलं याचं. डिझेलमधी उभा रायतं का तू?"

"हो. गॅरेजात काम करतो."

"मंग सांग नं तसं. मघापासून खुर्च्या उचलून रायला, मले वाटलं हॉलवाल्याचा मानूस आहे."

खुर्च्या मी मुद्दामच उचलत होतो. अशा कार्यक्रमात लोक हातात प्रसादाची वाटी घेऊन प्रेमाने विचारतात, "तुम्ही कुठल्या कंपनीत?" सगळे औषधांच्या नाहीतर चिपच्या कारखान्यात, माझी बायको अमृताही वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनिअर. मी नववीतून शाळा सोडलेला, कराडच्या एका गॅरेजात वाढलेला. मी आणि अमृता एकाच गल्लीतले. तिने शिकत राहायचं ठरवलं आणि मी तिच्याशी लग्न करायचं ठरवलं, एवढीच आमची कथा. तिच्या व्हिसावर मी इथे आलो आणि पहिली दोन कामं हातची गेली. इंग्रजी बोललेलं कळायचं, पण कुणी "तूच ठरव" म्हटलं की हातपाय गार पडायचे.

काकू बल्लारपूरच्या. लेक मनीषा मेनूथच्या विद्यापीठात संशोधन करायची, तिच्याकडे त्या तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. काका कोळशाच्या खाणीत होते. ते आजारपणात गेले आणि त्यांच्या जागी काकूंना खाणीच्या स्टोअरमध्ये घेतलं. कोळसा वाहून नेणारे लांबच्या लांब रबरी पट्टे तिथे गुंडाळ्या करून ठेवलेले असत. कुठला पट्टा कुठे द्यायचा, हे त्या निवृत्त होईपर्यंत बघत राहिल्या. "माया नवऱ्यानं मले दोन गोष्टी देल्ल्या," त्या म्हणायच्या, "एक मनीषा अन् एक रबर."

ते रबर काही त्यांना सोडत नव्हतं. मनीषाच्या स्वयंपाकघरातलं प्रेस, म्हणजे इथल्या बोलीत कपाट, उघडून त्यांनी आधी कुकरची रिंग तपासली होती. लुआस ट्राममधून सँडीफोर्डला जाताना दाराच्या कडेच्या रबरात त्यांनी नख रोवलं. तिकीट तपासनीस बघायला लागला तर त्याला म्हणाल्या, "गुड रबर, व्हेरी गुड." तो म्हणाला, "ग्रँड, थँक्स." जणू ते रबर त्यानेच लावलं होतं. मनीषा लाजेने लाल झाली. काकू मात्र घरी येईपर्यंत त्या पोराच्या चांगल्या वळणाचं कौतुक करत होत्या.

डेक्लनचं गॅरेज विकलोच्या डोंगरांच्या पायथ्याशी आहे. गवत कापायची यंत्रं, करवती, शेतात पळणाऱ्या चारचाकी मोटरसायकली असं आम्ही दुरुस्त करतो. डेक्लन तरुणपणी बर्फाळ कॅनडात होता, म्हणून एक दिवस टॉम नावाचा मेंढपाळ त्याच्याकडे आपली स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावरची गाडी, घेऊन आला. आयर्लंडमध्ये अशी गाडी बघायला मिळणं म्हणजे नवलच. पुढे दोन स्की, मागे चाकांऐवजी एक रुंद रबरी पट्टा, रणगाड्यासारखा गोल फिरणारा. पट्ट्याला बाहेरून रबराचे उंच दाते असतात. ते बर्फात रुततात आणि गाडीला पुढे ढकलतात. एका हिवाळ्यात टॉमच्या मेंढ्या डोंगरावर बर्फाखाली दबून मेल्या होत्या, त्यानंतर त्याने ही जुनी गाडी कुठूनतरी मिळवली. आता तिचा पट्टा फाटला होता.

नेमकं तेव्हाच डेक्लनच्या खांद्याचं ऑपरेशन ठरलं. जाताना तो म्हणाला, "नवा पट्टा तू निवड. हा माल खास मागवावा लागतो, परत जात नाही, तेवढं बघ." आणि गाडीत बसता बसता म्हणाला, "वर्ष संपलं की तुझी ट्रायलही संपते. मग तुला ठेवायचं की कसं, ते बोलू." तो साध्या स्वरातच बोलला. पण माझ्यासाठी त्या दोन वाक्यांचं एकच वाक्य झालं: पट्टा चुकला, तर काम गेलं.

कॅटलॉगमध्ये पट्टेच पट्टे. लांबी, रुंदी, दात्यांची उंची, रबराचा कडकपणा. मी जुन्या पट्ट्याला टेप गुंडाळून माप घेतलं, तर त्या मापाचा पट्टा कुठेच नाही. दात्यांचं मात्र मी मनात ठरवून टाकलं होतं. गाडीवर 'माउंटन' लिहिलंय, म्हणजे सगळ्यात उंच दात्यांचाच घ्यायचा. टॉमलाही तोच हवा होता. तरी मागवायचं बटण दाबायला बोट धजेना. चार दिवस अमृताने माझं तोंड पाहिलं आणि शनिवारी मला सरळ मनीषाकडे नेऊन बसवलं.

काकू मेथी निवडत होत्या. मी फोन पुढे केला.

"हे ठेव आधी. पट्टा कुठं धावते ते सांग."

"डोंगरावर. बर्फात."

"कोनत्या डोंगरावर? पाह्यला तू?"

"नाही. टॉमने गाडी गॅरेजात आणून दिली."

"मंग तू अन् मी सारखेच आंधये." त्यांनी माझ्यापुढे मेथीची अर्धी जुडी सरकवली. "हातानं काम कर, डोकं आपोआप चालते. माप कसं घेतलं?"

टेपचं सांगितलं तशा त्या हसल्या. "वापरून वापरून पट्टा ताणला असन बाप्पा. मानसाचं माप पोट फुगवून घेते का कोनी? त्याच्यात घरं असतीन नं, आतल्या चाकाचे दात बसाले?"

"खिडक्या आहेत एका रांगेत."

"त्या मोज. पट्टा ताणला म्हनून घर वाढत नाई. अन् चाकाचे दोन दात एकमेकाईपासून किती दूर आहे ते चाकावर मोज. चाक थोडीच ताणते. मंग गुणाकार कर." मग देठ मोडता मोडता म्हणाल्या, "उद्या फाटका पट्टा गाडीत टाक. डोंगर पाहून येऊ."

रविवारी अमृताने गाडी चालवली. काकू पुढे बसल्या होत्या. साडीवर मनीषाचं रेनकोट-जॅकेट, पायात खेळायचे बूट, हातात छत्री. टॉम फाटकाशी उभा होता. त्याने काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "या आमच्या तज्ज्ञ," अमृताने सांगून टाकलं. टॉमने टोपी काढली.

काकूंनी डोंगर असा पाहिला, की जणू लेकीसाठी आलेलं स्थळ बघतायत. छत्रीचं टोक जागोजागी रोवून पाहिलं. वर गुडघाभर हेदरची झुडपं, खाली पीटची काळी ओली दलदल आणि मधूनमधून डोकं वर काढलेले दगड. "याले विचार, बर्फ कितीक पडते, कितीक दिवस रायते."

टॉम म्हणाला, "काही वर्षं नुसता चिखल. वाईट वर्षी दोन-तीन दिवस. बर्फही ओलं, जड. दुपारपर्यंत खालचं हेदर दिसायला लागतं. पण वरच्या दगडी भिंतीच्या कडेला साचतं आणि मूर्ख मेंढ्या आसऱ्याला तिथेच जातात."

मग आम्ही फाटका पट्टा गवतावर पसरला. काकू त्याच्याभोवती फिरत राहिल्या. "सांधा कुठं आहे?"

"सांधा नसतो काकू, हा अखंडच बनवतात."

"असं कसं? सांध्याशिवाय पट्टा रायते का? तू नीट नाई पाह्यलं." त्या गुडघे धरत खाली बसल्या आणि बोटांनी चाचपत पूर्ण फेरा मारला. सांधा सापडला नाही. पुन्हा एक फेरा मारला. मग स्वतःशीच म्हणाल्या, "बिनसांध्याचा आहे खरंच. निवृत्त होऊन एवढी वर्सं झाली, अन् आज हा भेटून रायला." त्या इतक्या खूश झाल्या की त्यांनी टॉमलाही ते सांगितलं, मराठीतच. तो म्हणाला, "शुअर, शुअर."

"आता तू पाहून सांग," त्या मला म्हणाल्या. "हे दाते मुयातून उपटले. काऊन?"

मी पाहिलं. "उंच आहेत. दगडावर आपटून वाकले असतील."

"अन् आतून हे चकचक करून रायलं, जयल्यासारखं?"

"आत प्लॅस्टिकच्या रुळांवरून हा सरकतो. बर्फ उडून त्यांना ओलं, गार ठेवतं. बर्फ नसलं की…" मी थांबलो. गॅरेजात हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि त्या हेदरमध्ये उभं राहून ते दिसणं, यात फरक होता. उंच दाते भुसभुशीत, खोल बर्फासाठी होते. ते बर्फ या डोंगरावर नव्हतंच.

"मग बुटके दाते घ्यायचे ना काकू? कडक रबराचे?"

काकूंनी छत्री उघडली. पाऊस भुरभुरायला लागला होता. "मी नाई सांगत."

"असं काय करता. तुम्हाला माहितीये."

"मले खानीचं माईत आहे, बर्फाचं नाई. अन् मी सांगितलं त पट्टा माया होते. नोकरी कोनाची आहे, मायी का तुयी?" अमृता हसू दाबत होती, तिच्याकडे वळून म्हणाल्या, "आमचे हे जावईबापू लय भित्रे आहेत गं. गाडी उघडाले भेत नाईत, तोंड उघडाले भेतात."

मी तिथेच, टॉमच्या फाटकाशी, डेक्लनला फोन लावला. बुटक्या दात्यांचा, कडक रबराचा पट्टा मागवतोय आणि तो का, हे सांगितलं. वाक्यं तुटत होती. डेक्लनने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "टॉमला मोठा हवा होता ना?" "हो." "मग त्याला तूच सांग."

टॉम तिथे चार पावलांवर उभा होता. मी सांगितलं. तो कुरकुरला, त्याने व्हिडिओ पाहिले होते, त्यात सगळे उंच दातेच होते. मी म्हणालो, "त्या व्हिडिओत हेदर दिसलं का?" तो डोंगराकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुझ्यावर राहिलं हे. फसलं तर तूच बघायचं."

"काय म्हनते तो?" काकूंनी विचारलं.

"माझ्यावर राहिलं म्हणतो."

"मंग बरोबर झालं," काकू म्हणाल्या आणि गाडीत जाऊन बसल्या.

पट्टा आला तेव्हा काकूंची निघायची वेळ झाली होती. आतल्या चाकाचे दात एकेका घरात अलगद बसले, त्याचा फोटो मी त्यांना विमानतळाच्या वाटेवर असताना पाठवला. उत्तरात त्यांनी स्वतःच्या वर केलेल्या अंगठ्याचा फोटो पाठवला, नखासकट. त्यानंतर मी रोज आकाशाकडे बघायचो. वर्ष संपलं, डेक्लन गळ्यातल्या झोळीत हात अडकवून परत आला, पण माझ्या ट्रायलबद्दल तो काही बोलेना. तोही बहुतेक बर्फाचीच वाट बघत होता.

जानेवारीत बर्फ पडलं. सकाळी टॉमचा फोन आला, की मेंढ्या भिंतीशी अडकल्यात. डेक्लन आणि मी गेलो. टॉम आणि मी स्नोमोबाइलवर, मागे चाऱ्याची घसरगाडी. एका ठिकाणी साचलेल्या बर्फात गाडी रुतली. उंच दाते असते तर कदाचित निघाली असती. टॉमने आयुष्यातल्या सगळ्या शिव्या तिथे वापरल्या आणि आम्ही फावड्याने वाट काढली. पण पुढे वर, जिथे वाऱ्याने बर्फ उडवून हेदर आणि दगड उघडे टाकले होते, तिथून ती गाडी न कुरकुरता गेली, दुपारपर्यंत जात-येत राहिली. भिंतीच्या आडोशाच्या मेंढ्या आम्ही उकरून काढल्या. त्यातल्या दोन गेल्या होत्या. बाकीच्या अंग झाडून उठल्या.

खाली आल्यावर डेक्लनने निरोगी हाताने पट्ट्यावरून हात फिरवला. एकही दाता गेला नव्हता. "ग्रँड," तो म्हणाला. मग गाडीत बसताना, "ते ट्रायलचं आता विसर. सोमवारपासून आठाला नको, साडेसातला येत जा. गॅरेज तूच उघड."

संध्याकाळी मी काकूंना फोन केला. व्हिडिओ आधीच पाठवला होता. माझी बातमी ऐकून त्यांनी आधी विचारलं, "पट्टा ताणून घेतला का परत? नवा पट्टा पयल्या दिवसात ढिला होते." मी घेतला नव्हता. दुसऱ्या दिवशी घेतला. खरंच ढिला झाला होता.

मग त्या म्हणाल्या, "व्हिडिओ लय वेळा पाह्यला मी. शेजारच्या पोट्ट्याइले दाखवला. तुले एक सांगू का? माया हातून कितीक पट्टे गेले. पन खानीत खाली बायाइले जाऊ देत नव्हते. धावतानी एकई पट्टा मी पाह्यला नाई. हा पयला. तोई फोनात."

मी "हं" म्हणालो, बहुतेक.

काकू, हे तुमच्यापर्यंत पोचेल तेव्हा मनीषाला फोनवर नीट वाचून दाखवायला सांगा, ती शब्द खाते. पुढच्या नाहीतर त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मी तुम्हाला इथे आणणार आहे. मनीषाच्या नाही, माझ्या खर्चाने, माझ्या घरी. बर्फ पडायची वाट आपण दोघं बघू. पडलं की टॉमकडे जाऊ आणि तुम्हाला त्या गाडीच्या इतक्या जवळ उभं करीन, की पट्टा धावताना उडणारं बर्फ तुमच्या साडीवर येईल.

केव्हा ते आज सांगता येत नाही. पण हे माझ्यावर राहिलं.