मांडीखालचा हात

खेळ सुरू झाला की कवी विंगेतल्या स्टुलावर बसायचे आणि उजवा हात मांडीखाली दाबून धरायचे. तुम्ही त्यांना तेव्हा पाहिलं असतं, तर या माणसाला थंडी वाजतेय असंच वाटलं असतं. नगरच्या उन्हाळ्यात कसली आलीय थंडी! पडदा पडेपर्यंत हाताला मुंग्या आलेल्या असायच्या. मग डाव्या हातानं तो चोळत ते मला म्हणायचे, "चला उस्ताद, आज तरी हा हात शहाण्यासारखा वागला."

मी कसला उस्ताद. माझे अब्बा झेंडीगेटात बाजाच्या पेट्या दुरुस्त करत आणि मी नाटक कंपनीत ऑर्गन वाजवायचो. कंपनीत नाटक लिहिणाऱ्याला कवीच म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. आमच्या कवींचं नाव मोठं होतं. पुण्या-सोलापूरच्या जाहिरातींत ते नटांच्याही वर छापलेलं असे. अंगात मात्र कोपरावर विरलेला कोट आणि खिशात फुटाण्यांची पुडी. नट पदात चुकला, की रागानं मूठभर फुटाणे तोंडात टाकायचे. प्रयोग वाईट झाला की पुडी रिकामी व्हायची.

त्यांची आणखी एक तऱ्हा होती. कुणी सहज काही चांगलं बोलून गेलं, की ते थांबून विचारायचे, "हे मी घेऊ का?" एकदा आम्ही स्टेशनवरून टांग्यानं येत होतो. घोडं म्हातारं, पण चढावर अजिबात कुरकुरत नव्हतं. टांगेवाला म्हणाला, "त्याला घर कळतंय साहेब, मग चढ कशाचा लागतोय?" कवींनी टांगा थांबवायला लावला. हे वाक्य नाटकात घेऊ का म्हणून विचारलं. टांगेवाल्यानं आधी माझ्याकडं पाहिलं, हे गृहस्थ बरे आहेत ना अशा नजरेनं. मग म्हणाला, "घ्या की. माजं काय जातंय?"

पण ते वाक्य त्यांच्या कुठल्याच नाटकात आलं नाही.

ही विचारायची सवय त्यांना मागाहून लागली. आधी ते कुणाला विचारत नसत.

वहिनी, म्हणजे कवींची पत्नी, पारनेरकडच्या. त्यांना एकच मुलगी झाली होती. ती रांगायला लागली होती आणि तापानं गेली. दुसऱ्या दिवशी वहिनींनी परसात दोरीवरचं तिचं झबलं काढलं, हातात धरून उभ्या राहिल्या आणि स्वतःशीच म्हणाल्या, "झबलं तर वाळलं. आता घालू कुनाला?" कवी मागच्या दारात होते. त्यांनी ते ऐकलं, आणि नव्या नाटकात त्याचं पद केलं. रंगभूमीवरची आई हातात झबलं घेऊन ते पद म्हणायची. वहिनींना त्यांनी यातलं काहीच सांगितलं नाही.

पद तुफान चाललं. गावोगाव बायकांच्या बाजूनं हुंदके ऐकू यायचे. लढाईचे दिवस होते, रॉकेल मिळायची मारामार, त्यात बोलपटांनी प्रेक्षक पळवलेले. एकेक कंपनी बंद पडत होती. आमची त्या एका पदावर उभी होती, हे आम्ही सगळेच जाणून होतो आणि त्याबद्दल कुणाला काही वाटतही नव्हतं.

मग नगरला, कवींच्या घरच्या गावी, मुक्काम पडला. वहिनींना नाटक पाहायचं होतं. कवींनी आज गर्दी आहे, उद्या भिंगारच्या छावणीतले सोल्जर येणार आहेत, अशी एकेक सबब सांगून त्यांना अडवलं. शेवटी शेजारणीच त्यांना घेऊन आल्या. पडदा वर गेल्यावर कवींनी विंगेतून पाहिलं, तर बायकांत अगदी पुढे वहिनी बसलेल्या.

इथे आमच्या कंपनीची एक रीत सांगायला हवी. वन्समोर आला की पद पुन्हा घ्यायचं की नाही, हे कवी ठरवत. त्यांनी विंगेतून उजवा हात वर केला, तरच मी सूर द्यायचा. हात खाली असला, तर लोकांनी कितीही आरडाओरडा केला तरी नाटक पुढे जायचं.

त्या दिवशी पद संपलं. वन्समोरचा कल्लोळ उठला. मी कवींकडं पाहिलं. ते वहिनींकडं पाहत होते. वहिनी हलत नव्हत्या, रडतही नव्हत्या. कवींचा हात वर गेला. मी सूर दिला. पद पुन्हा झालं, पुन्हा वन्समोर आला, पुन्हा हात वर गेला. तिसऱ्यांदा पद सुरू होताना वहिनी उठल्या, पदर आवळून घेतला आणि लोकांच्या पायांतून वाट काढत बाहेर गेल्या.

घरी गेल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्याकडं तिचं तेवढंच हुतं. त्ये बी तुमी वाटून टाकलं."

त्यानंतर त्या नवऱ्याशी बोलेनाशा झाल्या. भांडण नाही, आदळआपट नाही. ताट वाढायचं, पाणी ठेवायचं. मी गेलो की माझ्याशी छान बोलायच्या, अम्मीच्या गुडघ्यांची चौकशी करायच्या. बाहेर कवींच्या चपला वाजल्या, की अर्धं वाक्यसुद्धा तिथंच सोडायच्या. ते मला फार लागायचं. कवी दारात क्षणभर थांबायचे, मग मुद्दाम खोकून आत यायचे.

त्यांनी कंपनीच्या मालकांना ते पद काढायला सांगितलं. मालक म्हणाले, पद काढा आणि कंपनीला कुलूप लावा. बिऱ्हाडं होती, पोरंबाळं होती. कवींना पुढे बोलवेना. त्यांना हात खाली ठेवण्याएवढंच करता येण्यासारखं होतं आणि तेच ते करत राहिले. लोक खुर्च्या आपटायचे, कवी हातावर बसून राहायचे. नंतर त्यांनी राजे लिहिले, देव लिहिले. बाईच्या तोंडी दोन वाक्यं घालायची म्हटली, तरी कागद फाडायचे. कवी आटले, असं लोक म्हणू लागले. एके दिवशी फुटाण्याची पुडी माझ्यापुढे धरून ते म्हणाले, "उस्ताद, पहिल्यांदा हात आपसूक गेला. दुसऱ्यांदा मी तो वर केला. आपलं माणूसही रडतंय का, हे मला बघायचं होतं."

दोन्ही वेळा सूर मीच दिला होता.

कंपनी मोडली आणि कवी घरीच राहिले. छातीचं दुखणं होतं. शेवटी शेवटी मी भेटायला गेलो, तर चेहरा वेगळाच दिसला. मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "काल ती बोलली."

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

आयुष्यभर जे कानावर पडलं ते लोकांपुढं ठेवणारा माणूस. त्यांनी उजवा हात सावकाश अंगाखाली सरकवला आणि डोळे मिटून घेतले.

आठवड्याच्या आत ते गेले.

त्यानंतर मी वहिनींना भेटायला गेलो, तेव्हा त्या परसात होत्या. दोरीवर कवींचा सदरा होता. त्यांनी तो हातानं चाचपून पाहिला. वाळला होता. तो काढून छातीशी धरून त्या उभ्या राहिल्या आणि माझ्याकडं न बघता एक वाक्य बोलल्या.

ते मी ऐकलं. इथे लिहीत नाही.