म्हाताऱ्या उंदरांची चार पानं

अंबुबाईबद्दल माणिकरावांना नक्की असं फार थोडं ठाऊक होतं. आठ वर्षं दोघं गुलबर्ग्याच्या एकाच औषधशास्त्राच्या कॉलेजात होते. ते टायपिस्ट, ती उंदरांच्या खोलीवर रोजंदारीची बाई. मूळची हुमनाबादजवळच्या राजेश्वर गावची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. नवऱ्याच्या अंगावरून वारं गेलेलं, त्याची उजवी बाजू कायमची लुळी पडलेली. एवढंच. शहरात ती कुठे राहते हे विचारायचा धीरही त्यांना कधी झाला नाही.

उंदरांच्या खोलीचा एक नियम होता. पिलं देणं थांबलं की उंदीर काढून टाकायचा. फुकट खाणाऱ्याला पिंजरा नाही. अंबुबाई मान डोलवायची आणि तसले पिंजरे मागच्या भिंतीशी सरकवायची. त्यांना खाणं भिजवून द्यायची, खाली भुसा जास्त घालायची. कुणी हटकलं तर म्हणायची, "उद्या काढते की." तो उद्या दीड वर्ष उजाडला नाही. कळपाची खबर म्हातारी मेंढी सांगते, कोकरू सांगत नाही, असं तिच्या माहेरी मानायचे. उंदराचे पिवळे दात बघून ती त्याचं वय सांगायची, आणि ते सहसा चुकायचं नाही.

२००५ साली कमलनगरची रेणू संशोधनासाठी आली. एका झाडपाल्याच्या अर्काने लकवा बरा होतो का, हे तिला बघायचं होतं. मानेतली नस थोडा वेळ बांधून उंदराच्या मेंदूचं रक्त अडवायचं, सोडायचं, औषध द्यायचं आणि लुळा पंजा पुन्हा दांडी धरतो का ते पाहायचं. तीन महिन्यांच्या उंदरांनी दांडी धरली. तिचे मार्गदर्शक मल्लिकार्जुन सर खूश झाले, पेढे आले. अंबुबाईने पेढा घेतला, पण खाल्ला नाही.

"रेणूताई, वारं काय पोरांच्या अंगावरून जातंय व्हय?"

"कामून, अक्का?"

"हे तालमीतले गडी हायत. एक पाय गेला तर तीन पायांवर पळतील. आमच्या मालकांना वारं गेलं तवा साठी आली होती."

"मग म्हातारे उंदीर कुठून आणू? ते विकत मिळत नाहीत. दोन वर्षं पाळत कोण बसणार?"

"मी बसलेय की," अंबुबाई म्हणाली आणि मागचे पिंजरे पुढे ओढले.

चोवीस होते. ऑपरेशननंतर आठवड्याभरात अकरा मेले. उरलेल्यांना अंबुबाईने ड्रॉपरने पाणी पाजलं, हातावर धरून भरवलं. पण ज्यांना औषध दिलं आणि ज्यांना दिलं नाही, त्यांच्यात फरक दिसेना. पंजा दांडीवरून घसरायचा तो घसरायचाच. रेणूने ते सगळं चार पानांत लिहिलं आणि माणिकरावांनी टाइप केलं.

प्रबंध बांधायला जायच्या आधी मल्लिकार्जुन सर येऊन म्हणाले, "म्हाताऱ्या उंदरांची चार पानं काढा. विषय भरकटतोय." माणिकरावांनी काढली. काढा म्हटलं की काढायचं, असाच त्यांचा जन्म गेला होता. पानं टेबलावर पडलेली असताना अंबुबाई झाडायला आली. तिला वाचता येत नव्हतं, पण पानावरचा घसरलेल्या पंजाचा फोटो तिने ओळखला.

"अण्णा, माझे म्हातारे भाईर कामून पडलेत?"

माणिकरावांनी सरांच्या खोलीकडे बोट दाखवलं. तिने झाडू भिंतीला टेकवला, पानं उचलली आणि सरळ सरांच्या खोलीत गेली. माणिकराव घाबरून मागोमाग गेले.

"अंबुबाई, म्हातारे उंदीर ऑपरेशनलाच टिकत नाहीत," सर म्हणाले. "त्यात औषधाचा दोष नाही."

"टिकत न्हाईत, तेच लिवा की."

"तुला यातलं काय कळतं?"

"मला एवढंच सांगा साहेब, ही बाटली मी आज मालकांना पाजू का?"

सरांनी समोरची फाइल उघडली.

"मग लोकांच्या म्हाताऱ्यांना कामून फसवायलाव? अकरा मेले माझ्या हातावर. ते का उगंच मेले?"

"उद्यापासून कामावर येऊ नको."

"येते की. त्यांना पाणी कोण पाजतंय, तुमी?"

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर आली. माणिकरावांनीही त्या दिवशी कुणाला न विचारता चारही पानं जागच्या जागी घातली, पुढच्या पानांचे आकडे बदलले आणि प्रबंध रेणूच्या हातात दिला. रेणू सरांना म्हणाली, "ही पानं नसतील तर माझी सही नाही." सरांनी तीन दिवस प्रबंध टेबलावर ठेवला आणि चौथ्या दिवशी सही केली. पानं आत राहिली.

महिनाअखेरीला अंबुबाईची रोजंदारी बंद झाली. जायच्या दिवशी तिने उरलेल्या उंदरांचं सगळं रेणूला समजावलं, आणि किल्ली द्यायला माणिकरावांकडे आली. त्यांना पुष्कळ बोलायचं होतं.

"अण्णा, हुमनाबादची गाडी आता कुठनं सुटती?"

"पाच नंबरवरून."

"मालकांना घेऊन गावाकडं जायलेय. मागं जागा मिळंल का?"

"मागे नको. धक्के बसतात. पुढेच बसवा."

"व्हय. येते मग."

"या."