राठ केसांची पाहुणी

साहेबांच्या मडमेनं तिची कुत्री माझ्या हवाली केली तेव्हा मला लग्न होऊन कालव्यावर येऊन दोन वर्षं झाली होती. माझं माहेर सुप्याकडचं, कोरडवाहू. तिकडे पाण्याची बोंब, पण माणसांची नाही. इकडे बारामतीहून इंदापूरकडे जाणारा कालवा दारावरून वाहायचा, चहूकडे ऊस, आणि माणूस म्हणाल तर मैलभरावर राहणारा, पाटाचं पाणी सोडणारा पाटकरी. आमचे हे कालव्यावर कारकून. घोड्यावरून फेरीला निघाले की चार-चार दिवस परतायचे नाहीत आणि परतले की कागदांत डोकं घालून बसायचे. माणूस वाईट नव्हता. पण दोन वर्षांत मी त्यांच्याशी जेवढी बोलले असेन तेवढी माहेरी एका दुपारी बोलत असे.

आमच्या खोल्यांना लागून साहेबांचा उतरायचा बंगला होता. थंडीत कालव्याचे गोरे साहेब पाहणीला आले की मडम यायची आणि तिच्या मागून ही कुत्री. विलायती टेरियर. उंचीला माझ्या नडगीएवढी. रंग वाळल्या कडब्याचा. केस घोंगडीसारखे राठ, कान दुमडलेले, आणि बाईच्या जातीला चक्क दाढी. भुवयाही अशा की रागावलेल्या सासऱ्याची आठवण व्हावी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसूच आवरेना.

शिमग्याच्या सुमारास साहेब सहा-सात महिन्यांच्या रजेवर विलायतेला निघाले. त्यांच्या जागी येणाऱ्या साहेबाकडे शिकारीची दांडगी कुत्री होती, त्यांच्यात हिचा निभाव लागला नसता. त्यांचा खानसामाही आपल्या गावी चालला होता. मग मडमेला मी आठवले. ह्यांना नाही म्हणायची सोय नव्हती. मला कुणी विचारलं नाही, पण विचारलं असतं तरी मी हो म्हणाले असते.

मडमेनं आमच्या ओसरीवर बसून सगळं शिकवलं. ती बोलायची आणि खानसामा मराठीत सांगायचा. खायला काय द्यायचं, कानात गोचीड कशी बघायची, पोलादी कंगवा कसा फिरवायचा. मुख्य गोष्ट केसांची. या जातीचे राठ केस वाढून वाढून मरतात, पण आपोआप गळत नाहीत. ते चिमटीत धरून, केस ज्या बाजूला वळतात त्याच बाजूला ओढून काढायचे. हाताला पकड यावी म्हणून बोटांना खडूची पूड लावायची. मेलेला केस असेल तर कुत्रीला दुखत नाही. मी भीत भीत काढून बघितले. आमच्याकडे हरभऱ्याची भाजी खुडतात तशीच ती चिमूट होती, लगेच जमली.

"एवढं ध्यानात ठेवा," खानसामा म्हणाला, "कात्री लावायची नाही. ह्या कुत्र्यांचं पुण्याला प्रदर्शन भरतं, तिथं केसांवरनंच पारख होते. बाईसाहेबांचा सगळा जीव त्या केसांत."

कुत्री लाडिक असतात असं मला वाटत होतं. ही नव्हती. मांडीवर यायची नाही, हात चाटायची नाही, हाक मारली तर आधी विचार करायची. कालव्याच्या भरावात घुशींची बिळं होती. तिथं सकाळपासून उकरत बसायची आणि मातीनं माखलेलं तोंड घेऊन, कामावरून आल्यासारखी घरी यायची. आपल्या दुप्पट कुत्र्याच्या अंगावर जायची. मी रागावले की पाठ करून बसायची, अगदी दिवसभर. स्वभाव म्हणाल तर माझाच. म्हणून आमचं पटलं.

रोज दुपारी मी तिला पाटावर उभी करायची आणि थोडे थोडे केस काढायची. तेवढा वेळ ती हलायची नाही. आणि मी बोलायची. माहेरचं, सासरचं, ह्यांच्याविषयीचं, जे कुणाला सांगितलं नसतं ते सगळं. मधूनच ती मान वळवून माझ्याकडे बघायची. तेवढंही मला पुष्कळ होतं. दुपार कधी होते याची मी सकाळपासून वाट बघायला लागले.

वैशाखात गोचिडी फार झाल्या. बैलांच्या अंगावरच्या हिच्या अंगावर यायच्या, वेचून सरायच्या नाहीत. ज्येष्ठ लागता लागता कोकणात गेलेले धनगर मेंढरं घेऊन परतले आणि त्यातल्या एकाचा कळप आमच्याजवळच्या रानात खतासाठी बसला. म्हातारा पाण्याला ओसरीवर यायचा. मी त्यांना आबा म्हणायची. त्यांनी कुत्रीकडं बघितलं आणि मान हलवली.

"वैनीसाब, ह्या उनात एवढी लोकर अंगावर? अवो, मेंढरू बी जगायचं न्हाय. उद्या माझी कातरणी हाय, त्यातच हिला घेतो."

"कात्री लावायची नाही म्हणून सांगितलंय, आबा."

"कुनी सांगितलं? मडमेनं? तिला हितला उनाळा काय ठावं?"

मला ते पटलं. केसाळ जनावर ज्येष्ठात कातरायचं हे मी जन्मापासून बघत आले होते. दुसऱ्या दिवशी मीच तिला धरून बसले. आबांचा हात सराईत, घटकाभरात काम झालं. खाली कडब्याच्या रंगाचा ढीग पडला आणि माझ्या हातात एक गुलाबी, हडकुळी, ओळखू न येणारी कुत्री राहिली. दाढीसुद्धा गेली होती. तिनं दोन दिवस माझ्याकडे पाठ केली.

गोचिडी मात्र गेल्या. मी म्हटलं, केस काय, येतील पुन्हा. आले, पण ते नव्हेत. श्रावणापर्यंत तिच्या अंगावर कोकरासारखी मऊ, फिक्की लोकर आली. हात फिरवला तर बोटं रुतायची. ह्यांनी फेरीवरून आल्यावर बघितलं आणि हसले.

"आता मडमेला काय दाखवणार? कुत्रीच बदलली म्हणेल. नको मला ही, म्हणून सोडून जाईल इथेच."

ते चेष्टेनं बोलले आणि जेवायला बसले. मी वाढत होते, पण माझं लक्ष त्या एका वाक्यात अडकलं. सोडून जाईल इथेच. त्या दिवसापासून मी त्यावर आशा लावून बसले. कात्री लावल्याचा मला पश्चात्ताप होत होता, तो कुठल्या कुठे गेला.

भाद्रपदात एकदा सवयीनं मी तिच्या पाठीवरचे केस चिमटीत धरले. ते सहज सुटून आले. आणखी ओढले, आणखी आले. रुपयाएवढी जागा मोकळी झाली आणि तिथं खाली नवे केस दिसले, आखूड, गडद आणि राठ. मऊ लोकर मेलेली होती. ती रोज थोडी थोडी काढली असती तर दसऱ्यापर्यंत कुत्री होती तशी झाली असती.

मी हात मागे घेतला. त्यानंतर तिला पाटावर उभी केली नाही.

दुपारी ती आपण होऊन पाटापाशी जाऊन उभी राहायची. मी दुसरं काम काढायची. पुढं पुढं ती दाराच्या चौकटीला अंग घासायला लागली, भिंतीला घासायला लागली, उकरणं सोडून मागच्या पायानं खाजवत बसायला लागली. मला कळत होतं. मी करंजाचं तेल लावायची, वरचा घास द्यायची आणि मनाची समजूत घालायची. आपल्यापाशी राहिली की सगळं काढू, एकदा मडम येऊन बघून जाऊ दे.

दसरा झाल्यावर साहेबांची मोटार आली. कुत्री उठून उभी राहिली, कान टवकारले, आणि भरावावरून अशी पळाली की मी तिला तसं पळताना कधी बघितलं नव्हतं. मडमेनं तिला उचललं आणि मोठ्यानं हसायला लागली. त्या मेंढरासारख्या रूपाला हसत होती. मी ओसरीवर उभी.  मला वाटलं, आता खाली ठेवेल, आता नको म्हणेल.

तिनं पाठीवरची लोकर दोन्ही हातांनी बाजूला केली आणि तिचं हसू थांबलं. आत कातडी लाल झाली होती. ती तशीच, परीटघडीच्या कपड्यांत, आमच्या ओसरीच्या पायरीवर बसली, कुत्रीला जवळ घेतलं आणि केस काढायला लागली. कुत्रीनं मान लांब केली, डोळे मिटले आणि तोंडातून एक बारीक आवाज काढला. माझ्या मांडीवर एकदाही न आलेली ती कुत्री तिच्या मांडीवर अंग टाकून पडली.

मडम काहीतरी बोलली. खानसामा माझ्याकडे वळला.

"बाईसाहेब म्हणतात, हिला पुष्कळ दिवस खाज सुटत असणार. पण तुम्हाला ते कसं कळावं? तुमची काही चूक नाही. म्हणतात, तुम्ही फार सांभाळलंत."

"नाही कळलं," मी म्हणाले.

मडमेनं सरकून मला पायरीवर जागा केली आणि कुत्रीच्या मानेकडची बाजू माझ्याकडे वळवली. नाही म्हणता येईना. मी बसले. बोटांना खडू न लावताच केस काढायला लागले. किती सहज येत होते. आम्ही दोघी काढत राहिलो आणि कुत्री आमच्यामध्ये सैल पडून होती. मध्येच तिनं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि माझं मनगट चाटलं. सात महिन्यांत पहिल्यांदा.

मोटार बारामतीकडे गेली. संध्याकाळी हे आले, ओसरीवर पडलेले केस बघितले.

"नेली वाटतं. रागावली का फार?"

"नाही."

"मग रडतेस कशाला? दुसरी आणू की एखादी."

मी केस गोळा करायला लागले. नवऱ्याला वाटलं मी कुत्रीसाठी रडते आहे, आणि मी तसं वाटू दिलं. पुढं पुष्कळ वर्षं आम्ही त्या कालव्यावर काढली, त्यांनी एकदोनदा पिल्लंही आणली. मी ती पाटकऱ्याला देऊन टाकली. का ते ह्यांना सांगितलं नाही, आज सांगते. एकटेपणाला घाबरून मी एका जीवाला तळमळत ठेवलं होतं, आणि तिनं माझा हात चाटला होता.