भाईमामांचा तांबोसा

भाईमामांच्या गरीला मासा लागत नसे. अगदीच लागत नसे असं नाही, कधीतरी बोटभर शेवटा मासा यायचा, पण तो जिवाला कंटाळून आलेला असायचा, असं मामीचं म्हणणं. मामा गळ घेऊन गरवायला निघाले की ती पिशवी घेऊन मासळी बाजाराची वाट धरायची. आणि याच मामांनी बनवलेल्या लुअरवर केरळपासून बंगालपर्यंत लोक हातभर मासे ओढत होते.

लुअर म्हणजे लाकडाचा खोटा मासा. पोटाखाली गळ लावलेले. दोरीला बांधून पाण्यात फेकायचा आणि ओढत आणायचा, खऱ्या माशाला वाटतं जेवण चाललंय. मामांची उमर मालवणात होड्यांवर नावं रंगवण्यात गेली. पुढे लोक छापील नावं चिकटवायला लागले, हात रिकामे झाले, म्हणून ते पांगाऱ्याच्या लाकडाचे मासे कोरून रंगवायला बसले. मी त्यांची भाची, तेव्हा बाजारात झेरॉक्सच्या दुकानात कामाला. गंमत म्हणून चार फोटो हौशी गरवणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकले आणि मागणी सुरू झाली. बघता बघता आमचं ऑनलाइन दुकान उभं राहिलं, मी नोकरी सोडली. कोरणं-रंगवणं त्यांचं, फोटो, फोन आणि कुरियर माझं.

मामांना विकता मात्र येत नसे. फोन आला की पहिला प्रश्न, "खंयच्या पाण्यात टाकतलास?" पुण्याच्या एका गृहस्थांनी धरणात टाकायला लुअर मागितला, तर म्हणाले, "ह्यो खाऱ्या पाण्याचो. तुमका नको." मी कपाळाला हात लावला. गृहस्थांनी तीन मागवले, वर मेव्हण्याला आमचा नंबर दिला. नको म्हटल्यावर लोकांना जास्त हवं होतं की काय, देव जाणे, पण धंदा असा वाढला.

गिऱ्हाइकं माशाबरोबरचे फोटो पाठवायची. मामा प्रत्येकाला विचारायचे, "खाल्लास मां?" नाशिकच्या एका डॉक्टरांनी कळवलं, मी धरतो आणि सोडून देतो, छंद आहे. मामा दिवसभर अस्वस्थ. "सोडल्यान? मगे तेका उगाच कित्याक बोलवल्यान?"

एकदा ग्रुपवर कुणीतरी प्रेमानेच लिहिलं, "मामा, तुमच्या लुअरवर तुम्ही धरलेला तांबोसा बघू दे की." तांबोसा म्हणजे खाडीतल्या खडकांत राहणारा तांबडा, दांडगा मासा. मामांनी आयुष्यभर त्याचीच आस धरलेली. ते वाक्य त्यांना लागलं. "माझ्याच गरीक लागणा नाय, तर लोकांका कसो इकू?" म्हणाले आणि दुकान बंद केलं. स्वतःच्या लुअरला तांबोसा लागल्याशिवाय एकही नग विकायचा नाही.

"म्हणजे दुकान कायमचाच बंद," मामी म्हणाली. तिला हसू येत होतं, मी पैसे भरलेल्या मागण्या मोजत होते.

मग रोज संध्याकाळी आम्ही देवबागच्या टोकाला, खाडी समुद्राला मिळते तिथे. मामा लुअर फेकायचे, मी शेजारी साध्या दोरीला सुंगट, म्हणजे कोळंबी, लावून बसायची, निदान कालवणापुरतं काहीतरी मिळावं. एके दिवशी मी पाणी प्यायला उठले आणि माझी दोरी मामांच्या हातात दिली. तेवढ्यात ती अशी ताणली की मामा गुडघाभर पाण्यात गेले. धडपडत त्यांनी मासा वाळूवर आणला. तांबोसा. चांगला कोपरापर्यंत. मामांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मी घाईने म्हटलं, "मामा, तुमचो लुअर तेच्या तोंडात अडकवया, फोटो काढतंय. कोणाक कळतला?"

मामांनी लुअर खरंच त्याच्या तोंडाशी नेला. बराच वेळ तसाच धरला. मग पिशवीत टाकला. "ह्यो काय खावन इलो, ता ह्येका ठावक आसा," म्हणाले, "आणि माका." ग्रुपवर टाकलेल्या फोटोखाली त्यांनी मला लिहायला लावलं : लागला, पण सुंगटाला. लुअरला नाही.

मला वाटलं, संपलं. पहिला निरोप ठाण्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा आला : "मामा, माझा गेल्या महिन्यातला फोटोही कोळंबीवरचाच. लुअर नंतर अडकवला होता." मग दुसऱ्याचा, तिसऱ्याचा. एकाने तर मासा बाजारातून आणला होता. मामा इतके हसले की मामीने पाठ चोळली. "सगळे माझ्यासारकेच गो," म्हणाले, आणि सकाळी रंगाचे डबे उघडून बसले. दुकान पुन्हा सुरू झालं. पुढे लुअरला खरोखर लागलेल्या माशांचेही फोटो आले, आणि त्यांवर कुणी शंका घेतली नाही.

मामा गेल्या वर्षी गेले. लुअरला मासा न लागताच गेले. मी ग्रुपवर कळवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून फोटो यायला लागले. कुठल्या कुठल्या पाण्याकाठी माणसं उभी, दोरीला मामांचा लुअर आणि हात रिकामे. एकालाही काही लागलं नव्हतं, आणि सगळ्यांनी तसं लिहिलं होतं. तोवर मी रडले नव्हते.