कळशी रिकामी करणारा अल्बम

मित्रांनो, मी दोहाला कामाला आहे, पण आज आमच्या वाकोल्याच्या गावठाणात नाचून आलो. फोनवर व्हिडिओ कॉलवरून!

माझी बहीण सिल्विया आणि तिचा दोस्त राकेश, दोघांचा पहिला अल्बम मागच्या आठवड्यात आला. युरोडान्स, तो नव्वदचा धकधक ठेका. नेटवर लोकांनी धुतलं. "जुनं सामान, यावर कोण नाचणार?" सिल्विया म्हणाली, "दादा, कोणीच नाही नाचलं ना, तर कीबोर्ड विकून टाकीन."

आज चुलतभावाचं उंबराचं पाणी होतं. आम्हा गावठाणातल्या ख्रिस्ती लोकांत लग्नाआधी बँड लावून विहिरीवरून नवऱ्याच्या आंघोळीचं पाणी आणतात. येताना बँडमास्तरनं ट्रम्पेटवर सिल्वियाचंच गाणं धरलं! लुगडी नेसलेल्या मावश्या कळश्या घेऊन अशा उड्या मारायला लागल्या, की घरी पोचेपर्यंत पाणी सगळं रस्त्यावर.

अॅग्नेस मावशीनं कळशीत डोकावलं. "वाट लागली! आता नवरा काय घामानं न्हाणार?" मग तीच ओरडली, "चला परत विहिरीवर! मास्तर, तेच वाजव रे!"

सिल्विया रडत रडत नाचत होती. मीही इथे कामगारांच्या कॅम्पात, सेफ्टी शूज घालून.

कीबोर्ड कुठे जात नाही आता. तुमच्याकडे कुठल्या गाण्यानं वरात परत विहिरीवर नेलीय? सांगा ना यार!