जावयाच्या टीव्ही-खेळातली चाल

१४ नोव्हेंबर १९९३, रविवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे. दिवाळीचा पाडवा होता. जेवण जड झाले म्हणून पेडगावच्या घरी बाहेरच्या खोलीत मी आडवा झालो होतो. आतून सूर ऐकू आले. माझ्या पेटीला कुणीतरी हात लावला, असे वाटून मी उठून बसलो आणि आधी घड्याळ पाहिले, नंतर पेटी. पेटी उशाशीच होती, झाकलेली.

सूर थांबले नव्हते.

मी तेव्हा निवृत्त शिक्षक होतो आणि गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवत होतो. अभंग जुनेच असतात. चाल मात्र प्रत्येक मंडळ आपापली लावते. पौषात जिंतूरकडच्या एका गावी भजनाची स्पर्धा होती आणि तिच्या नियमाप्रमाणे एक चाल नवी हवी होती. गेली वीस वर्षे आमच्या मंडळाच्या चाली मीच बसवीत आलो होतो. त्या वर्षी तीन महिने पेटीपुढे बसूनही मला काही सुचले नव्हते. हे मी कुणाला सांगितले नव्हते. मंडळ त्या संध्याकाळी चाल ऐकायला जमणार होते.

मुलीचा तो पहिला दिवाळसण. जावई गंगाखेडला रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करीत. मला हे स्थळ पसंत नव्हते आणि ते मी लपवलेही नव्हते. याच्या बोटांना सोल्डरच्या राळेचा वास येतो, असे मी लग्नाच्या मांडवात बोललो होतो आणि ते त्यांच्या कानावर गेले होते. आदल्या दिवशी मुलगी मला ओसरीवर गाठून म्हणाली होती, "अण्णा, एकच मागायलेय. हे तीन दिवस त्यान्ला टाकून बोलू नका. पुन्हा काही बोललात तर ते या घरी यायचे न्हाईत, आन मलाबी येता यायचं न्हाई." मी मान हलवली होती.

मी मधल्या दारापर्यंत गेलो. जावई टीव्हीपुढे पाटावर बसले होते. दुरुस्तीला आलेला कुणाचा तरी टीव्ही-खेळ त्यांनी सोबत आणला होता. एक चपटा डबा, त्यात खुपसलेली कॅसेट, हातात दोन बटणांचा तुकडा. पडद्यावर एक काळी गुहा होती आणि तिच्या तळाशी बोटभर उंचीचा माणूस उभा होता. तो हलत नव्हता. जावईही बटण दाबत नव्हते. फक्त ते संगीत चालले होते.

त्या डब्याला तीनच गळे होते. एक वर, एक मध्ये, एक खाली जाड. मधूनच पाणी ठिबकावे तसा फुसकारा. वरचा सूर कोमल ऋषभावरून तीव्र मध्यमावर जाई, तिथे रेंगाळे आणि पुन्हा ऋषभावर येई. षड्जावर, म्हणजे मूळच्या 'सा'वर, तो उतरतच नव्हता. प्रत्येक फेरीला आता उतरेल असे वाटे आणि तो पुन्हा वर वळे. भर उन्हात बारवेच्या पायऱ्या उतरू लागलो की तिसऱ्या-चौथ्या पायरीला मान गार पडते. तसे झाले. चाळीस वर्षे गाणे ऐकत होतो. यंत्राच्या आवाजाने माझे असे काही होईल हे मला ठाऊक नव्हते. मी चौकटीला हात टेकून तीन आवर्तने ऐकली.

मुलगी स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने मला पाहिले आणि ती हसली. बाप आपल्या नवऱ्याच्या मागे उभा राहून कान देऊन ऐकतो आहे, याचा तो आनंद होता. आज तो चेहरा आठवतो. त्या वेळी मात्र मला चोरी करताना सापडल्यासारखे झाले.

"बंद करा ते," मी म्हणालो. "हे घर आहे, जत्रेतला तंबू नव्हे."

जावयांनी वळून पाहिले. "हो, मामा," म्हणाले आणि वायर काढली. मुलगी आत गेली.

त्यानंतर मी दार लावून घेतले, पेटी उघडली आणि ती चाल विसरायच्या आत वहीत उतरवली. कारण सरळ आहे: माझ्याकडे दुसरी नव्हती.

साडेपाचला देवळात बसलो. नव्या जावयाला मंडळात नेऊन नारळ देण्याची आमच्याकडे रीत आहे, म्हणून जावई बरोबर होते. त्या दिवसांत विद्यापीठाच्या नामांतरावरून पारावर रोज भांडणे होत. तो विषय देवळात काढायचा नाही, हा नियम माझाच होता. देवळात खोटे बोलू नये, असा नियम करण्याची वेळ कधी आली नव्हती.

मी चाल वाजवली, अभंगाचे पहिले चरण तिच्यावर म्हटले. टाळकऱ्यांनी उचलले आणि ओळ संपताना सगळे अधांतरी राहिले. मंडळाचे कारभारी पखवाज वाजवीत. त्यांनी हात थांबवला.

"मास्तर, ही उतरंनाच की! आमी सम धरावी कुठं?"

"सोमवारी उतरल, तवर चहा घेऊन येतो," एक टाळकरी म्हणाला. हशा झाला.

मी ओळीच्या शेवटी एक षड्ज जोडला. लगेच सम सापडली, टाळ एकत्र पडले, माना डोलू लागल्या.

"आता बसली! कवा सुचली म्हणायची?" कारभाऱ्यांनी विचारले.

"आज दुपारी," मी म्हणालो.

"बघा जावईबापू, सासरा लय गुणाचा हाय तुमचा. कशी वाटली चाल?"

जावई मांडीवरच्या नारळाकडे पाहत होते. "चांगली हाय. दुपारी जराशी ऐकली मी."

"म्हंजे पहिला मान तुमचाच!"

पुन्हा हशा झाला. कारभाऱ्यांनी स्पर्धेचा कागद काढून 'नवी चाल' या शब्दांपुढे माझे नाव लिहिले. मी ते लिहू दिले. मी ज्याचा अपमान केला त्याच माणसाने मला चारचौघांत झाकून घेतले होते आणि मी त्या आडोशाला निमूट बसलो होतो.

परतताना आम्ही दोघेच होतो. वाटेत जावई म्हणाले, "मामा, राग येणार नसल तर सांगतो. मुळातली चाल शेवटी खाली येत न्हाई."

"ठाऊक आहे."

"तशीच बरी होती." थोडे चालून ते म्हणाले, "मला तो खेळ खेळता येत न्हाई. त्या गुहेपुढं कधी गेलोच न्हाई. दुकानात एकटा असलो की माणूस तिथं नेऊन उभा करतो आन ऐकत काम करतो. गिऱ्हाईक म्हणतं, मशीन अजून नीट झाली न्हाई का? म्हणतो, न्हाई."

"कुणी केली आहे ती?"

"नाव न्हाई कुठं. कॅसेटवर सगळं जपानी लिव्हलंय."

या माणसाला माझ्याइतकेच ऐकू येत होते, कदाचित जास्त. माफी मागायची ती जागा होती. मी म्हणालो, "पाय जपून टाका, पुढे खड्डा आहे."

घरी ओवाळणे झाले, ठरलेले कपडे दिले. जेवताना मुलगी माझ्या ताटात वाढत होती. शेवटी मी जावयांना म्हणालो, "तो खेळ लावायचा असेल तर लावा."

"राहू द्या, मामा. गुंडाळून ठेवलंय."

आवाजात राग नव्हता. मुलीने भाताचे पातेले उचलले आणि माझ्याकडे न पाहता विचारले, "चाल पसंत पडली का अण्णा, मंडळाला?" तिला नवऱ्याने सांगितले नव्हते. दुपारी दार लावून मी पेटीवर तेच वाजवीत होतो, ते तिने स्वयंपाकघरातून ऐकले होते.

आठच्या सुमारास मी हात धुऊन कारभाऱ्यांच्या घरी गेलो.

"मास्तर, जावई सोडून आत्ता?"

"तो कागद द्या. चाल माझी नाही."

"मग कुणाची?"

सगळे वाक्य तयार होते: माझ्या जावयांच्या टीव्ही-खेळातली, मी त्यांना बंद करायला लावलेली. कारभारी, त्यांच्या मंडळी आणि आलेले पाहुणे माझ्याकडे पाहत होते.

"जुनी आहे," मी म्हणालो. "कानावर होती."

"मग तसं लिवा की. स्पर्धेत कुणी वाजवली न्हाई म्हंजे नवीच. त्यात काय एवढं!"

मी माझे नाव एका सरळ रेघेने खोडले, शेजारी 'पारंपरिक' असे लिहिले, शाई वाळू दिली आणि कागदाची घडी करून त्यांच्या हातात दिली.