संगणकातल्या संगणकाचा आवाज

आमच्या ब्रेल छापखान्यातल्या जुन्या संगणकाने मान टाकली. मला दिसत नाही. स्क्रीनवरचं संगणक वाचून दाखवतो, मी ऐकतो आणि अंध मुलांसाठी गणिताची पुस्तकं तयार करतो. त्यासाठीचा प्रोग्राम इतका जुना, की नव्या संगणकावर चालेचना. दुसरा प्रोग्राम आणला, तर गणिताच्या खुणांचा पार विचका. साहेब म्हणाले, "पंधरा दिवसांत जमवा, नाहीतर हा विभाग बंद." म्हणजे पुस्तकं बंद आणि मी घरी!

मग दुरुस्तीवाली आली. वयाने माझ्या मुलीएवढी, पण पहिल्याच दिवशी तिने मला झापलं, म्हणून मी तिला ताई म्हणू लागलो.

"काका, रडगाणं पुरे. नव्या संगणकाच्या पोटात जुना संगणक बसवता येतो. त्याची तीन सॉफ्टवेअरं आहेत माझ्याकडे, तिन्ही लावून बघू."

पहिलं म्हणे सगळ्यांत वेगवान. पण आवाज असा अडखळायचा, की 'वर्गमूळ' ऐकेपर्यंत चहा गार. दुसऱ्यात आवाज खणखणीत, पण मी बटण दाबून आतल्या संगणकाला विचारायचो आणि उत्तर बाहेरचा द्यायचा. कधी दोघं एकदम. "अगं, आमच्या घरात काय हे कमी आहे?" मी वैतागलो. ती खो खो हसली आणि पुन्हा कामाला लागली.

तिसऱ्यात आवाज सलग, बटणं मुकाट ऐकणारी. ब्रेल प्रिंटरही लगेच ओळखला त्याने. खडखडत पान आलं. मी बोटं फिरवली: कंस, अपूर्णांक, वर्गमूळ, सगळं जागच्या जागी. हुश्श!

तेवढ्यात साहेब आले. त्यांनी स्क्रीन सुरू केला. "अहो, हे काय निवडलंत? अक्षरं मुंगीएवढी, अर्धी खिडकी काळी! तुमच्या लक्षात कसं नाही आलं?"

"अय्या, खरंच की!" ताई ओशाळली. "एकेक लावून झालं की मी स्क्रीन बंद करून नुसती ऐकत तपासत होते. काकांना तसंच वापरायचंय ना?"

आजवर मला पुष्कळांनी मदत केली, अगदी हात धरून. पण माझ्या जागी बसून, माझ्यासारखं काम करून पाहणारी ही पहिलीच. आभार म्हणून ते पहिलं छापलेलं पान मी तिच्या हातात ठेवलं.